वाटेची आठवण

पुण्याच्या पेठांत पत्ता सांगण्याची एक जुनी रीत आहे. तीत रस्त्याचे अधिकृत नाव क्वचितच येते. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, पत्र्या मारुती अशी दैवते वाटेवर उभी असतात आणि सांगणारा एका देवाकडून दुसऱ्या देवाच्या हवाली करीत आपल्याला पुढे धाडतो. "भिकारदास मारुतीपाशी या आणि मग कोणालाही विचारा," येथे पत्ता संपतो. परगावच्या माणसाला या रीतीचा राग येतो आणि तो रास्तही आहे. कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात शहराचे चित्र आधीपासून आहे, असे ही रीत गृहीत धरते. हातातला मोबाइल असे काहीच गृहीत धरीत नाही. तो म्हणतो, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." आपण वळतो. तो पुन्हा बोलेपर्यंत सरळ जातो. अर्ध्या तासाने मुक्कामी पोहोचतो आणि कोणत्या वाटेने आलो हे कोणी विचारले, तर सांगता येत नाही.

वाचकहो, आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात ही रस्त्यांची चर्चा कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल. वाट सापडणे हे डोळ्यांचे, कानांचे आणि त्याहून अधिक स्मरणाचे काम आहे. गुडघा दुखू लागला की घरात सर्वांना कळते. वाट हरवू लागली आणि हाती वाट सांगणारे यंत्र असले, तर ती हरवते आहे हे घरच्यांना, कधी कधी त्या माणसालाही, बराच काळ कळत नाही. माझ्या घरातला अनुभव या जातीचा आहे आणि तो आपल्यापैकी काहींच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

मी ३१ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. माझे यजमान पिंपरीतील एका कारखान्यात अभियंता होते. नकाशाचे वेड आम्हा दोघांनाही होते. माझे पुस्तकी, त्यांचे चाकांवरचे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून या देशाची मोजणी करीत आला आहे. त्याचे स्थलनिर्देशक नकाशे आमच्या घरी गुंडाळ्या करून कपाटावर ठेवलेले असत. प्रमाण १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर. वस्ती तांबडी, पाणी निळे, रान हिरवे, शेत पिवळे आणि डोंगराचे चढउतार दाखविणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. पुण्याची यात एक गंमत आहे. १८ अंश ३० मिनिटांचे अक्षवृत्त पर्वतीला जवळजवळ खेटून जाते आणि तेथेच एक पत्रक संपून दुसरे सुरू होते. पेठा, शनिवारवाडा, शिवाजीनगर हे ४७ एफ/१४ या पत्रकावर. कात्रज आणि त्यापुढचा घाट ४७ एफ/१५ वर. यजमानांनी ही दोन्ही पत्रके मागून कापडी पट्टी लावून जोडली होती. त्यामुळे आमच्या घरच्या पुण्याला पर्वतीच्या उंचीवर एक आडवी घडी होती.

सहलीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली जात आणि नकाशा पसरला जाई. मुले खुर्चीवर उभी राहून बोटाने रस्ता धरीत. निळी रेघ आडवी आली की तेथे पूल असणार, तपकिरी रेघा दाटल्या की तेथे घाट लागणार, हे त्यांना न शिकवता कळू लागले. प्रत्येक प्रवास असा दोनदा होई. एकदा बोटाने, एकदा गाडीने. दुसऱ्या वेळी रस्ता अनोळखी वाटत नसे.

कागदाच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. मोजणी झाली त्या वर्षीचेच जग त्यावर असते. नवा रस्ता, नवा पूल त्याला ठाऊक नसतो. अक्षरे इतकी बारीक की चाळिशी लावल्यावाचून वाचता येत नाहीत. आणि गाडी चालविणाऱ्याला तो मुळीच वाचता येत नाही. शेजारी कोणी तरी लागतेच. एकट्याने प्रवास करणाऱ्या बाईला कागदी नकाशा फारसा साहाय्यभूत झाला, असे मला वाटत नाही.

जीपीएसने हा अडसर दूर केला. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे किमान २४ उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण अखंडपणे आपली वेळ व आपली जागा पुकारीत असतो. आपला मोबाइल निदान चार उपग्रहांची ही पुकार ऐकतो, ती पोहोचायला लागलेल्या वेळातले सूक्ष्म फरक मोजतो आणि त्यावरून आपण कोठे आहोत हे काढतो. आपल्या देशाने उभारलेली 'नाविक' ही यंत्रणाही याच तत्त्वावर आहे. उघड्या आकाशाखाली हे उत्तर काही मीटरांइतके अचूक असते. उंच इमारतींच्या मधल्या बोळात लहरी भिंतींवर आपटून येतात, म्हणून तेथे पडद्यावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. उपग्रह फक्त एवढेच सांगू देतो की आपण कोठे आहोत. पुढचा रस्ता कसा आहे हे त्याला माहीत नसते. ते नकाशा तयार करणाऱ्याने भरलेले असते. आणि रस्त्यावर गर्दी किती, हे पुढच्या गाड्यांतील मोबाइल किती वेगाने सरकत आहेत यावरून ताडलेले असते. जेथे कोणाचाच मोबाइल जात नाही, तेथे यंत्राला गर्दी दिसत नाही. रस्ता मोकळा आहे म्हणून गर्दी नाही की रस्ताच नाही म्हणून गर्दी नाही, हा भेद त्याला प्रत्येक वेळी करता येईलच असे नाही.

जानेवारी २०२१ मधील अकोले तालुक्यातील दुर्घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुण्याहून कळसूबाईला निघालेली मंडळी रात्रीच्या अंधारात मोबाइलने दाखविलेल्या जवळच्या रस्त्याने चालली होती. त्या रस्त्यावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली गेला होता. गाडी थेट पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले. चालविणाऱ्याचा अंत झाला. परिसरातील लोकांना तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो हे ठाऊक होते, म्हणून ते त्या वाटेला जातच नसत. या घटनेनंतर "कागदी नकाशा असता तर" असे म्हणणारे मला भेटले. मला ते पटत नाही. कागदावरही तेथे रस्ता आणि पूलच दिसला असता. फार तर निळी रेघ आडवी आलेली पाहून, येथे नदी आहे, जरा जपून, एवढी सावधगिरी मनात जागी झाली असती. ती काही कमी नव्हे. पण पाणी चढले आहे हे ना कागदाला माहीत होते, ना उपग्रहाला. ते जवळच्या गावात कोणालाही माहीत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले, तेव्हाही हेच. म्हणून आपल्या घरातली तरुण मुले रात्री अनोळखी भागात निघाली असतील, तर त्यांना एवढेच सांगावे की पडद्यावर रस्ता रिकामा दिसला आणि प्रत्यक्षातही रिकामा असला, तर थांबून कोणाला तरी विचारा.

जुन्या पुणेकराचा अभिमानही येथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडण्यात आला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला तेथील नव्या पुलांचे व जोडरस्त्यांचे उद्घाटन झाले. या मधल्या काळात आणि पुढेही कित्येक महिने, कोथरूडात आयुष्य काढलेली माणसे मुळशीला जायचे असताना भलत्याच उतारावर उतरत होती. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला तेव्हाही तसेच झाले. शहर बदलते तेव्हा आपल्या डोक्यातला नकाशा शिळा होतो. अशा ठिकाणी यंत्राचे ऐकण्यात कमीपणा नाही.

आता मुख्य विषयाकडे येते. आपल्या मेंदूत आतल्या बाजूला, दोन्हीकडे, समुद्री घोड्याच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या आठवणी साठविणे आणि जागेचे भान राखणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे आहेत. त्यातील काही पेशी विशिष्ट जागी आल्यावरच जाग्या होतात, हे जॉन ओ'कीफ यांनी १९७१ मध्ये दाखविले. त्याच्या शेजारच्या भागातील, जणू चौकटी आखणाऱ्या पेशी मे-ब्रिट व एडवर्ड मोझर या दांपत्याच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अल्झायमरचा आजार मेंदूत ज्या भागांपासून पसरू लागतो, त्यांत हेच भाग पहिल्या रांगेत असतात. म्हणूनच ओळखीच्या जागी वाट चुकणे हे त्याच्या आरंभीच्या लक्षणांपैकी एक आहे. नावे विसरण्याइतकेच महत्त्वाचे, पण त्याहून कमी चर्चेत असलेले.

लंडनच्या टॅक्सीचालकांवरचे संशोधन आपण कदाचित वाचले असेल. परवान्यासाठी त्यांना शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या परिसरातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्याला वर्षानुवर्षे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००० साली असे आढळले की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मला त्याहून बोलका वाटतो तो लंडनमध्येच झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. २४ स्वयंसेवकांना पडद्यावर सोहो भागातील गल्ल्यांतून वाट काढायला लावले आणि त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. स्वतः वाट शोधताना, नव्या गल्लीत शिरताच, विशेषतः जेथून पुष्कळ रस्ते फुटत होते तेथे, हिप्पोकॅम्पस व नियोजन करणारा पुढचा भाग यांची हालचाल एकदम वाढे. "आता डावीकडे" अशी सूचना मिळत असताना ती तशी वाढत नसे. रस्ते तेच, माणसे तीच. पण मेंदूला त्या गल्ल्यांत रस उरला नव्हता.

मॉन्ट्रियलच्या दोन संशोधकांनी २०२० मध्ये ५० नियमित वाहनचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा जीपीएसचा वापर अधिक, त्यांची स्वतःहून वाट काढण्याची स्मृती दुबळी आढळली. तीन वर्षांनी १३ जणांना पुन्हा तपासले, तेव्हा अधिक वापर करणाऱ्यांची घसरणही अधिक होती. १३ ही फार लहान संख्या आहे. यावरून मोबाइलमुळे स्मृतिभ्रंश होतो असा निष्कर्ष कोणी आपल्याला संदेशातून पाठवला, तर तो पुढे पाठवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मृत्युनोंदींच्या अभ्यासात टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालविणाऱ्यांत अल्झायमरने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण इतर व्यवसायांच्या मानाने कमी दिसले, तर ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या बसचालकांत ते तसे कमी नव्हते. हेही कुतूहल वाढविणारे आहे, पण याने कार्यकारण सिद्ध होत नाही. ज्यांची वाटेची जाण मुळात चांगली, तेच त्या व्यवसायात टिकत असतील. जीपीएस आजार देतो, असे मी म्हणत नाही. तो आजार झाकतो, एवढे मात्र मी स्वतः पाहिले आहे.

यजमानांचे वय आज ७४. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवरील नकाशा वापरायला घेतला, तेव्हा मला आनंदच झाला. हळूहळू मुलीकडे बाणेरला जातानाही तो लावला जाऊ लागला. "कोंडी कुठे आहे ते कळतं," हे त्यांचे कारण बिनतोड होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही सदाशिव पेठेतून एक लग्न आटोपून कोथरूडला परतत होतो. मोबाइलची बॅटरी संपली होती. नळ स्टॉपला मेट्रोच्या खांबांजवळ त्यांनी गाडी डावीकडे घेतली, नीट थांबवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता?"

"सरळ," मी म्हणाले. ते सरळ निघाले. चाळीस वर्षे ज्या रस्त्याने ते रोज गेले, तो रस्ता त्यांनी मला विचारला होता. घरी आल्यावर त्यावर कोणी बोलले नाही.

नळ स्टॉपवर आता खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. तेथे कोणाचाही गोंधळ व्हावा. एका प्रसंगावरून माणसाला रोगी ठरवू नये, हे मला पटते. म्हणून आठवड्याने मी शाळेतला एक जुना उपाय केला. सहावी-सातवीच्या मुलांना मी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता आठवणीने काढायला सांगत असे. "अहो, नातीला दाखवायचाय, आपल्या घरापासून तुळशीबागेपर्यंतचा नकाशा काढून द्या ना," असे म्हणून कागद-पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कर्वे पुतळा काढला, कर्वे रस्ता काढला, नळ स्टॉप, डेक्कन, सर्व अभियंत्याच्या सरळ रेषांत. मग डेक्कनला लागूनच तुळशीबाग काढली.

"नदी?" मी विचारले.

"राहिली," ते म्हणाले आणि पेन्सिल कागदावर नेली. पण ती कोठे टेकवावी हे त्यांना ठरवता येईना. मुठा त्या कागदावर शेवटपर्यंत आली नाही, लकडी पूलही नाही.

त्यांचे बालपण नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, कोणाच्या माडीवर रात्र काढली, चिखलातून कोणती भांडी परत मिळाली, हे आमच्या मुलांनी शंभरदा ऐकले आहे. तीच गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळी मला पुन्हा सांगितली आणि एकही तपशील चुकला नाही.

डॉक्टरांनी पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतला एक मी आपल्याला आवर्जून सांगते: "नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकतात का? आणि मोबाइल बंद ठेवला तर?" दुसरा भाग विचारला नसता, तर पहिल्याचे उत्तर "नाही" असेच आले असते. रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड पाहिले गेले. कारण त्यांच्या कमतरतेने, नैराश्याने किंवा झोपेच्या काही गोळ्यांनीही स्मरण मंदावते आणि ते सुधारू शकते. आमच्या बाबतीत ती कारणे नव्हती. निदान झाले ते 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट'चे. वयाच्या मानाने स्मरण अधिक घटलेले, पण रोजचे व्यवहार स्वतः करता येतात, अशी ही अवस्था आहे. तीतून काहींना पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही वर्षानुवर्षे तेथेच राहतात, काही सुधारतातही. आपण कोणत्या गटात, हे आज सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले. गाडी चालविणे मात्र थांबवावे, असा त्यांचा सल्ला पडला.

वाहनपरवान्याचे नूतनीकरण पंचावन्न वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्यात दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, हातापायांची स्थिती यांची विचारणा असते. रस्ता सापडतो का, असा प्रश्न नसतो. यजमानांचा परवाना तेव्हा वैध होता आणि त्यांनी तो दाखवलाही. मी वाद घातला नाही. मुलगी डॉक्टरांकडे सोबत होती, तिने एवढेच म्हटले, "बाबा, गाडी विकायची नाही. आई चालवेल." त्यांनी चावी खुंटीला लावली. पुढचे पंधरा दिवस ते फिरायलाही बाहेर पडले नाहीत. चावी मागून घेणाऱ्या घरांनी या पंधरा दिवसांची तयारी ठेवावी. तो रुसवा नसतो, दुखवटा असतो.

मी तेव्हा ६७ वर्षांची होते. परवाना होता, हात बसलेला नव्हता. कोथरूडातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा शिकवणी लावली. शिकविणारा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. आणि येथे मोबाइलचा नकाशा माझा खरा सोबती झाला. त्याच्यावाचून मी एकटी औषधे आणायला शिवाजीनगरला गेले नसते. जंगली महाराज रस्ता एका दिशेने, फर्ग्युसन रस्ता दुसऱ्या दिशेने, शिवाजी रस्ता व बाजीराव रस्ता यांचे तसेच. मागच्या आसनावर बसून आयुष्य गेलेल्या बाईला कोठे शिरावे आणि कोठे नाही, हे आयत्या वेळी आठवत नाही.

तो कसा वापरायचा याचे मी काही नियम केले आहेत. गाडी सुरू करण्यापूर्वी ठिकाण टाकते, संपूर्ण रस्ता एकदा दूरवर करून पाहते, आणि त्यानंतर पडद्याकडे नाही, आवाजाकडे लक्ष देते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर हलली की गाडी ३३ मीटर आंधळी जाते. आपल्या वयात दुरून जवळ आणि जवळून दूर नजर स्थिरावायला अधिक वेळ लागतो. दोन भिंगांच्या चष्म्यात तर मोबाइल नेमका दोन्ही भिंगांच्या मधल्या अंतरावर येतो आणि कशातूनच धड दिसत नाही. मोतीबिंदू असेल तर रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांत पसरतो. तो मंद करावा, किंवा रात्री गाडी चालवूच नये. मोबाइल हातात धरलेला नको, काचेजवळच्या स्टँडवर हवा. २०२० मध्ये सुधारलेल्या नियमांनी केवळ वाट पाहण्यासाठी त्याची मुभा दिली आहे, तीही चालविणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. चालताना वापरायचा असेल, तर नकाशा आपल्याबरोबर गरगर फिरू न देता उत्तर दिशा वर ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावावी. शहराचे चित्र मनात राहते ते त्याने.

आणि कागद? तो परत टेबलावर आला. कल्पना मुलीची. आता निघण्याच्या आदल्या संध्याकाळी यजमान जोडलेली पत्रके उघडतात, भिंग घेतात आणि बोट ठेवून बसतात. आश्चर्य असे की नकाशा वाचण्याची त्यांची हातोटी जवळजवळ शाबूत आहे. चाळीस वर्षे गिरवलेले कौशल्य नव्या आठवणींपेक्षा चिवट असावे. डॉक्टरांना याचे नवल वाटले नाही. याने आजार थांबतो, असा माझा दावा नाही. संध्याकाळचा एक तास बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी ते गाडीत प्रवासी म्हणून न बसता माहीतगार म्हणून बसतात, इतकेच.

काळजीवाहकांना येथे एक विनंती. याची परीक्षा करू नका. "सांगा बरं, हा कोणता रस्ता?" हा प्रश्न मायेने विचारला तरी समोरच्याला घाम फुटतो. कोठे वळायचे हे मी त्यांना विचारीत नाही. ते मोबाइल सांगतो. त्यांच्याकडे पुढे काय येणार आहे ते सांगण्याचे काम आहे: ओढा, चढ, रेल्वेची फाटके. चुकले तर काही बिघडत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही भोरला निघालो. कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरताच पडद्यावरचा ठिपका जागीच थबकला. उपग्रहाची पुकार डोंगराआड पोहोचत नाही. कागदावर त्यांचे बोट मात्र सरकत होते. "आता बाहेर पडलो की खेड-शिवापूर," ते म्हणाले, "आणि कापूरहोळला उजवीकडे." एवढ्यात यंत्राला वाचा फुटली. कापूरहोळला त्यानेही उजवीकडेच सांगितले. यजमानांनी मान डोलावली, जणू कनिष्ठ अभियंत्याचा हिशेब बरोबर आला होता.

आपल्या घरातील ज्येष्ठ एकदा वाट चुकले, तर घाबरू नये. गणपतीच्या दिवसांत, पालखी मुक्कामी असताना, मेट्रोचे काम चालू असताना अवघे पुणे वाट चुकते. परंतु नेहमीच्या दुकानालाही मोबाइल लावूनच जाणे, वळण बंद असले की अकारण चिडणे, परतायला वरचेवर उशीर होणे, गाडीवर नवे पोचे दिसणे, असे दोन-तीन प्रकार एकत्र दिसू लागले, तर मोबाइल बाजूला ठेवून एकदा कागद-पेन्सिल पुढे करावी आणि मग डॉक्टरांना गाठावे. घरात विचारायला कोणी नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. ते पायी बाहेर पडतात तेव्हा त्यांचे ठिकाण मला माझ्या मोबाइलवर दिसावे, अशी सोय मुलीने करायची ठरवली. त्यांनी साफ नकार दिला. "मी काही पार्सल नाही." महिनाभराने ते आपण होऊन तयार झाले, एका अटीवर: माझेही ठिकाण त्यांना दिसले पाहिजे. आता मी भाजी घ्यायला खाली उतरले आणि मैत्रीण भेटून दहा मिनिटे झाली, की फोन वाजतो. "अगं, कर्वे पुतळ्यापाशी का थांबलीस? वाट चुकलीस का?"